पोटदुखीच्या केसपेपरमागचं मन : प्राथमिक आरोग्य केंद्रात किशोरवयीनांची मानसिक काळजी कशी सुरू करावी

प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकतेच रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका), आशाताई यांच्यासाठी हा लेख आहे. दहा ते एकोणीस वर्षांचं पोर मनाने खचलं असेल तर ते आपल्यापर्यंत कसं येतं आणि आल्यावर आपण काय करायचं, एवढाच यातला विषय. त्यासाठी वेगळी इमारत किंवा वेगळं पद मंजूर होण्याची वाट पाहावी लागत नाही. ओपीडीतली दहा मिनिटं आणि त्या पोराला पुन्हा बोलावण्याची सवय, एवढ्यावर सुरुवात होते.

आधी थोडा हिशेब करू. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला. तीस हजार लोकसंख्येच्या केंद्राच्या हद्दीत या वयाची मुलं अडीच-तीन हजार तरी असतात, म्हणजे दोनशेच्या आसपास मुलांना मदतीची गरज आहे. आता आपलं ओपीडी रजिस्टर काढा आणि गेल्या वर्षभरात त्यातली किती मुलं मनाच्या त्रासासाठी म्हणून नोंदली गेली ते मोजा. बहुतेक ठिकाणी हा आकडा एका हाताच्या बोटांवर मावतो. उरलेली मुलं आपल्याच केंद्रात येऊन गेलेली असतात, फक्त दुसऱ्याच तक्रारीच्या नावाखाली.

पहिली पायरी : आपल्या तालुक्यात काय आहे ते माहीत करून घ्या

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हे काम उरकून टाका. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. मानसिक आरोग्य हा त्याच्या सहा मुख्य विषयांपैकी एक आहे. त्याच्या अंतर्गत चालणाऱ्या किशोरवयीनांच्या क्लिनिकला महाराष्ट्रात ‘मैत्री’ म्हणतात. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातलं मैत्री क्लिनिक कोणत्या खोलीत चालतं, तिथे समुपदेशक आहेत की पद रिकामं आहे, ते स्वतः जाऊन पाहा. कागदावरचं क्लिनिक आणि चालू क्लिनिक यात फरक असू शकतो, आणि तिथे पाठवलेलं पोर कुलूप पाहून परत आलं तर ते पुन्हा कुठेच जात नाही.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक तुमच्या तालुक्यात येत असेल तर त्याचे वार विचारून घ्या आणि तुमच्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवा. सिव्हिलमधल्या, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या, मनोविकार विभागाच्या ओपीडीचे वारही तिथेच लिहा. आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, मुलांची तपासणी करणारी) गाडी तुमच्या हद्दीतल्या शाळांत कोणत्या महिन्यात जाते, हे त्या पथकातल्या डॉक्टरांकडून कळेल. ती गाडी वर्षातून कमीत कमी एकदा प्रत्येक सरकारी शाळेत जाते, आणि पौगंडावस्थेतली इतकी मुलं एका वेळी आपल्याला दुसरीकडे कुठेच भेटत नाहीत.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. आशाताई घरोघरी जो सीबॅक फॉर्म (मधुमेह, रक्तदाब अशा आजारांचा धोका पाहणारा) भरतात तो तिशीच्या पुढच्या माणसांसाठी आहे. त्यामुळे घरभेटीतून किशोरवयीन मुलं आपोआप पुढे येतील, या भरवशावर राहू नका. आशाताईंना वेगळं सांगावं लागतं : शाळा सोडून घरी बसलेलं पोर, लग्न ठरलेली सोळा वर्षांची मुलगी, आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर आजीकडे राहिलेली भावंडं, घरात नुकतीच आत्महत्या झालेली मुलं. अशी घरं आशाताईंना तोंडपाठ असतात. फक्त हे आरोग्य केंद्राला सांगण्यासारखं आहे, असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरी पायरी : तक्रार ऐकताना तिच्या मागे पाहा

“मला नैराश्य आलंय” असं म्हणत कुणी येत नाही. आई म्हणते, हिचं डोकं दुखतं, पोटात दुखतं, चक्कर येते, जेवत नाही. पोरगा म्हणतो, छातीत धडधडतं, रात्री झोप लागत नाही. कधी दातखीळ बसली म्हणून चारजण उचलून आणतात. थोडा वेळ बोलत राहिलात तर पुढचे शब्द येतात : करमत नाही, मन लागत नाही, जीव घाबरा होतो, डोक्यात नुसते विचार येतात. या वयात उदासीपेक्षा चिडचिड जास्त दिसते, हे लक्षात असू द्या. घरच्यांना पोरगं उर्मट झालंय असं वाटतं, प्रत्यक्षात ते आतून खचत चाललेलं असतं.

शंका कधी घ्यायची? एकाच तक्रारीसाठी महिनाभरात तिसरा केसपेपर निघाला की, शाळा बुडायला लागली की, त्रास परीक्षेच्या किंवा सोमवारच्या सकाळी वाढत असला की, हातावर कापल्याच्या बारीक समांतर खुणा दिसल्या की. शरीराची तपासणी मात्र सोडू नका. मुलींमध्ये रक्तक्षय इतका सर्रास आहे की थकवा आणि चक्कर खरोखर त्यामुळेच असू शकते. हिमोग्लोबिन करा, थायरॉइडची शंका असेल तर तेही पाहा, झटक्यांचा इतिहास विचारा. एका मुलीला रक्तक्षय आणि नैराश्य दोन्ही असू शकतं, म्हणून हिमोग्लोबिन आठ निघालं की चौकशी थांबवायची नाही.

आणि सलाईन लावू नका. बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन देऊन परत पाठवणं सोपं असतं, घरच्यांनाही ते हवं असतं. पण त्यातून पोराला एवढंच कळतं की इथे आपलं कुणी ऐकणार नाही, सुई मात्र मिळेल.

तिसरी पायरी : पोराशी एकट्याने बोला

या सगळ्या मार्गदर्शनातली एकच गोष्ट पाळायची ठरवलीत तर ही पाळा. आई, मामा किंवा शिक्षक शेजारी उभे असताना विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही. नवीन डॉक्टरांना इथे संकोच वाटतो, कारण “तुम्ही बाहेर जा” म्हटलं की घरच्यांच्या मनात शंका येते.

त्याचा सरळ मार्ग असा. आईचं सगळं बोलणं आधी पूर्ण ऐकून घ्या. मग म्हणा, “मावशी, या वयाच्या सगळ्याच मुलामुलींशी मी थोडा वेळ वेगळं बोलतो. तेवढ्यात तुम्ही सिस्टर ताईंकडे तुमचं बीपी बघून घ्या.” ‘सगळ्याच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याने आपल्या मुलीत काही वेगळं दिसलंय, ही भीती जाते. बीपी तपासून घ्यायचं म्हटलं की आईलाही बाहेर जायला कारण मिळतं, आणि कित्येकदा तिचं बीपीही खरंच वाढलेलं निघतं. तपासणारा डॉक्टर पुरुष असेल आणि समोर मुलगी असेल तर दार अर्धं उघडं ठेवा आणि सिस्टर दिसतील पण त्यांना ऐकू जाणार नाही, अशा अंतरावर बसवा. पडदा असेल तर उत्तमच. नसेल तर लसीकरणाची खोली दुपारनंतर मोकळी असते.

बोलायला लागण्यापूर्वी गुप्ततेची हद्द सांगून टाका. “तू जे सांगशील ते मी घरी किंवा शाळेत सांगणार नाही. फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुझ्यावर जबरदस्ती केली असेल, तर मला इतरांची मदत घ्यावी लागेल, पण तसं करण्याआधी मी तुला सांगेन.” हे वाक्य नंतर सांगून चालत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि विश्वासाने सांगितल्यावर अचानक पोलीस दारात आले तर त्या पोराच्या दृष्टीने आपणच विश्वासघात केलेला असतो.

चौथी पायरी : सोप्या प्रश्नांकडून अवघड प्रश्नांकडे या

पहिला प्रश्न “तुला काय टेन्शन आहे?” हा नसावा. घरी कोण कोण असतं इथून सुरू करा. मग शाळा-कॉलेज, मग जेवण आणि झोप, मित्रमैत्रिणी, मोबाईल. त्यानंतर तंबाखू, खर्रा, दारू. त्यानंतर प्रेमसंबंध, सुरक्षितता, आणि शेवटी मनःस्थिती. किशोरवयीनांच्या डॉक्टरांमध्ये हा क्रम जगभर वापरला जातो. त्यामागचं कारण साधं आहे. घराबद्दल बोलायला लागलेलं पोर पाच मिनिटांत आपोआप मनाजवळ येतं. “वर्गातल्या काही मुलांना असं होतं, तुझ्या ओळखीत कुणाला?” असं विचारलं की संकोच कमी होतो.

नैराश्याच्या मोजमापासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी वापरा. ती मराठीत मिळते. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, यावर शून्य ते सत्तावीस गुण होतात. दहा किंवा त्यापुढे गुण गेले तर नीट चौकशी हवी. पण कागद हातात देऊन “भर” म्हणू नका. वाचता न येणारी आणि वाचता येऊनही लाजणारी मुलं सगळीकडे सरळ शून्य लिहून मोकळी होतात. प्रश्न तुम्ही बोलीभाषेत विचारा आणि गुण स्वतः मांडा. नवव्या, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या, प्रश्नाचं उत्तर शून्य नसेल तर एकूण बेरीज कितीही कमी असो, पुढची पायरी त्याच भेटीत पूर्ण करायची.

पाचवी पायरी : जीव देण्याच्या विचारांबद्दल थेट विचारा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यात सर्वात जास्त, १,७६४, महाराष्ट्रातल्या आहेत. तरीही आपल्यातले बरेच जण हा प्रश्न टाळतात, कारण विचारल्याने पोराच्या डोक्यात नको ते येईल, अशी भीती वाटते. तसं होत नाही. विचारल्याने त्यांना हलकं वाटतं, कारण बहुतेकांना हे कुणी तरी विचारण्याची वाट असते.

असं विचारा : “इतका त्रास झाला की काही जणांना जगणं नकोसं वाटतं. तुला कधी असं वाटलं?” होय म्हणालं तर पुढे जा. जिवाचं काही करून घ्यावं असं मनात आलं का, कसं करायचं हे ठरवलं होतं का, ती वस्तू घरात आहे का, आधी कधी प्रयत्न झाला का. आवाज चढवू नका, उपदेश करू नका. आई-वडिलांचा विचार कर, असंही म्हणू नका. त्या पोराने तो हजार वेळा केलेला असतो.

योजना ठरलेली असेल किंवा नुकताच प्रयत्न झाला असेल तर त्या पोराला एकटं सोडायचं नाही, १०८ बोलवायची आणि सोबत कुणी तरी मोठं माणूस पाठवायचं. “थोडंसंच घेतलं होतं, आता ठीक आहे” असं घरचे म्हणतील. काही विषांचे परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतात, म्हणून वरून ठणठणीत दिसणाऱ्या पोरालाही निरीक्षणाखाली ठेवावंच लागतं. पोलीस केस होईल या धास्तीने घरचे लपवतात. त्यांना सांगा की मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असल्याचं धरतं, आणि त्याला शिक्षा नव्हे तर उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. एमएलसी (पोलिसांना कळवण्यासाठी दवाखान्यात होणारा कागद) ही नोंद आहे, आरोप नाही.

धोका एवढा तातडीचा नसला तरी एक काम त्याच दिवशी करा. घरातली कीटकनाशकं कुठे ठेवली आहेत ते विचारा. आपल्या भागात फवारणीचं औषध घरात पलंगाखाली, माळ्यावर, न्हाणीत सहज सापडतं. या वयातले प्रयत्न पुष्कळदा रागाच्या भरात होतात, आणि ती लाट ओसरेपर्यंत हाताशी काही नसलं तर पोर वाचतं. वडिलांना सांगून ते शेतातल्या कुलपाच्या पेटीत किंवा भावकीतल्या दुसऱ्या घरी हलवायला लावा आणि हलवलं की नाही हे आशाताईंना दुसऱ्या दिवशी पाहून यायला सांगा. घरातल्या गोळ्यांचंही तसंच.

सहावी पायरी : उपचार तुम्हीच सुरू करा

सौम्य आणि मध्यम त्रासासाठी मानसोपचारतज्ज्ञ मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. प्रशिक्षण घेतलेले, पण तज्ज्ञ नसलेले समुपदेशकही मुलांना चांगली मदत करू शकतात. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगथ’ संस्थेने दिल्लीच्या सरकारी शाळांत अशाच समुपदेशकांमार्फत समस्या सोडवण्याची एक छोटी पद्धत वापरली. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींची धार त्याने कमी झाली.

ती पद्धत केंद्रातही जमते. पोराकडून अडचणींची यादी करून घ्या आणि त्यातली बदलता येण्यासारखी एकच निवडा. समजा, दहावीची मुलगी म्हणते की घरकाम, धाकट्या भावाला सांभाळणं आणि अभ्यास, सगळं मिळून डोकं फुटतं. यावर काय काय करता येईल, ते तिलाच बोलू द्या. संध्याकाळी दोन तास मैत्रिणीच्या घरी अभ्यास, भावाला आजीकडे सोपवणं, आईशी बोलायला आशाताईंना बरोबर घेणं. त्यातलं एक ती निवडेल. ते आठवडाभर करून बघायचं आणि पुढच्या बाजारच्या दिवशी येऊन सांगायचं. जोडीला झोपेची वेळ, रात्री मोबाईल खोलीबाहेर, आणि आवडणारी पण बंद पडलेली एखादी गोष्ट पुन्हा सुरू करणं. व्हॉलीबॉल असेल, भजन असेल, रांगोळी असेल.

औषधांबाबत हात आखडता ठेवा. बारा वर्षांखालच्या मुलांना नैराश्यासाठी आपण औषध सुरू करायचं नाही. त्यापुढच्या वयात बोलण्याच्या उपचारांनी फरक पडत नसेल तर फ्लुओक्सेटिनचा विचार होतो, पण तो तज्ज्ञाच्या सल्ल्याने. सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून दर आठवड्याला पोराला पाहायचं. अमिट्रिप्टिलीन या वयात नैराश्यासाठी देऊ नका, जास्त घेतली गेली तर ती हृदयाला घातक ठरते. झोपेसाठी अल्प्राझोलाम लिहून देण्याची सवय तर लावूच नका.

सातवी पायरी : घरच्यांशी काय आणि किती बोलायचं

“नाटकं करतोय”, “लाडाने बिघडलीय” हे ऐकायला मिळेल. वाद घालू नका. पोराची परवानगी घेऊन एवढंच सांगा की हा त्रास खरा आहे, बरा होणारा आहे आणि घरून दोन गोष्टी हव्यात : मारहाण आणि टोमणे बंद, आणि ठरलेल्या तारखेला केंद्रात आणणं. कुणाशी प्रेम आहे, कुणाशी भांडण झालं, हे तुम्ही सांगायचं नाही. पोराला सांगावंसं वाटलं तर तुमच्यासमोर सांगू द्या.

घरचे आधी देवऋषीकडे जाऊन आलेले असतात. त्यावरून त्यांना खजील केलंत तर पुढच्या वेळी ते फक्त देवऋषीकडे जातील. देवाचं करायचं ते करा, पण आमची तारीख चुकवू नका, असं म्हणा. मात्र चटके देणं, बांधून ठेवणं, मारणं चालू असेल तर तो गुन्हा आहे. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात २०१३ पासून आहे, तेव्हा गप्प राहायचं नाही. मुलीचं कमी वयात लग्न ठरवलं जात असेल तर ग्रामसेवक हेच गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कुणीही कळवू शकतं.

आठवी पायरी : पुढे पाठवायचं तर रस्ता दाखवून पाठवा

आवाज ऐकू येणं, भास, आठवडेच्या आठवडे खाणंपिणं सुटणं, आत्महत्येचा गंभीर धोका, सुटत नसलेलं व्यसन, किंवा महिना-दीड महिना प्रयत्न करूनही फरक न पडणं. अशा वेळी तज्ज्ञ हवाच. पण केसपेपरवर ‘सिव्हिलला पाठवले’ एवढं लिहिलं की आपलं काम संपत नाही. सिव्हिलला जायचं म्हणजे वडिलांची एक दिवसाची मजुरी, दोघांचं एसटी भाडं, आणि तिथे गेल्यावर कुठल्या खिडकीवर उभं राहायचं याची धास्ती. म्हणून खोलीचा नंबर, वार आणि तिथल्या समुपदेशकाला केलेला फोन, हे सगळं पाठवण्याआधी करा. ई-संजीवनीवर (सरकारच्या ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेवर) तज्ज्ञ मिळत असतील तर पहिली भेट केंद्रातूनच होऊ द्या.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. नुसता नंबर लिहून देऊ नका. या मुलांकडचा मोबाईल बहुतेक वेळा वडिलांचा किंवा भावाचा असतो आणि केलेला फोन त्यात दिसतो. पहिला फोन केंद्राच्या फोनवरून, तुमच्यासमोर लावून द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा. एकदा पलीकडचा आवाज ऐकला की पुढचा फोन ते स्वतः करतात.

नववी पायरी : शाळा

मुख्याध्यापकांना भेटा, पण कुठल्या मुलाचं नाव सांगू नका. हजेरी अचानक घसरलेली मुलं कळवा, आणि कळवताना प्रार्थनेच्या वेळी पुकारा करू नका, एवढं सांगितलं तरी पुरतं. आश्रमशाळेत अधीक्षकांशी वेगळं बोला, तिथल्या मुलांना घर दूर असतं. दहावी-बारावीचे निकाल लागतात त्या आठवड्यात काय करायचं, हे आशाताईंबरोबर आधीच ठरवून ठेवा. नापास झालेल्या मुलांच्या घरी त्याच दिवशी कुणी तरी जाऊन बसलं पाहिजे.

दहावी पायरी : वही ठेवा

ओपीडी रजिस्टर सगळ्यांच्या हाताखालून जातं, गावातल्या गावात नाव फुटायला वेळ लागत नाही. त्यात लक्षणं लिहा आणि मनाच्या त्रासाची नोंद वेगळ्या वहीत करा. ती वही कपाटात, कुलपात राहील. त्यात केसपेपर क्रमांक, पुढची तारीख, आणि तारखेला आलं नाही तर कोण घरी जाणार, एवढे तीनच रकाने पुरतात. दर सोमवारी दोन मिनिटं वही उघडायची आणि न आलेल्यांची नावं एएनएमला तोंडी सांगायची. घरी जाणाऱ्या आशाताईंनी “डॉक्टरांनी बोलावलंय, रक्त तपासायचंय” असं म्हणावं. शेजाऱ्यांनी विचारलं तर तेच उत्तर द्यायचं.

तुमची बदली होईल किंवा बाँड (सरकारी सेवेची बांधील मुदत) संपेल तेव्हा ही वही नव्या डॉक्टरांच्या हातात प्रत्यक्ष द्या. ज्या मुलांचे उपचार चालू आहेत त्यांना निदान दोन भेटी आधी सांगा की आपण जाणार आहोत, आणि शेवटच्या भेटीत नव्या डॉक्टरांना शेजारच्या खुर्चीवर बसवून ओळख करून द्या.